आईसाठी मोठ्या आवाजाचं घड्याळ

माझा धाकटा भाऊ आईचं किती करतो, हे आमच्या गावात पाय ठेवल्यापासून परत निघेपर्यंत मला कुणी ना कुणी सांगतंच. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाला, घरी आला आणि आईची नजर गेल्यावर तिचं सगळं त्यानं अंगावर घेतलं. आंघोळीचं पाणी काढून देतो, गोळ्या देतो, डोळ्यांत थेंब घालतो, हाताला धरून परसात नेतो. सगळं खरं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात मला त्याचं एकही चांगलं आठवायचं नाही.

आईला काचबिंदू झाला. कळला उशिरा, आणि कळल्यावर थेंब, ऑपरेशन, पुन्हा थेंब असं करत करत एक डोळा गेला, मग दुसराही. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दारात कुणी उभं राहिलं तर उजेड अडतो, तेवढं कळतं. कोण अडवतंय ते आवाजावरून. आमचं गाव कोरेगावपासून थोडं आत. घरात आई, भाऊ आणि वैनी. वैनी कोरेगावात एका पतसंस्थेत कामाला जाते, संध्याकाळी येते. मी सांगलीत. ब्लाऊज शिवते, दुकान माझं स्वतःचं आहे, आणि माझ्या तोंडाला लागू नये असं गिऱ्हाइकंसुद्धा एकमेकींना सांगतात.

मागच्या हिवाळ्यात आई फोनवर एकच तक्रार करायची. "रात लय लांब झालीया गं. सरतच न्हाई. झोप होती, जाग येती, पडून ऱ्हाते, पडून ऱ्हाते, तरी कोंबडं आरवत न्हाई." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वय झालं की झोप कमी होते. भावाला विचारलं. तो म्हणाला, "आक्का, दिवसा डुलक्या मारती, मग रात्री झोप कुठनं येणार?" आईला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. एकदा हळूच म्हणाली, "माजं डोकं तर फिराय लागलं न्हाई न्हवं? दिवस कवा हाय, रात कवा हाय, काय मेळच लागंना."

आमच्या माजघरात टोले देणारं जुनं घड्याळ होतं. भावानं ते दुरुस्तीला म्हणून उतरवलं होतं. ते परत आलंच नव्हतं, आणि आईनं विचारलं की "मिळत न्हाईत गं त्याचे पार्ट" असं उत्तर ठरलेलं होतं.

मार्गशीर्षातली संकष्टी होती. आई लग्न झाल्यापासून संकष्टी करते. दिवसभर उपास, संध्याकाळी गणपतीची आरती, चंद्र उगवला की अंगणात जाऊन चंद्राला अर्घ्य द्यायचं, म्हणजे तांब्याच्या पळीतून गंध-फुलाचं पाणी सोडायचं, मग नैवेद्य आणि मग जेवण. चंद्र उगवल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नाही. माझ्या वेळची बाळंतकळा सुरू झाली तेव्हासुद्धा चंद्राची वाट बघत होती, असं ती स्वतः मोठ्या ऐटीत सांगते. तिचं बघून मीही करते. त्या दिवशी सांगलीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभी होते. पावणेआठ झाले होते, कॅलेंडरात चंद्रोदय साडेआठच्या सुमाराचा होता, आणि पोटात कावळे ओरडत होते. वेळ जावा म्हणून आईला फोन लावला.

"जेवलीस का?" म्हणाले. मला वाटलं, म्हणेल, अजून कुठं, थांबलेय.

"मगाशीच जेवले की," आई म्हणाली. "आज लवकर उगवला. त्यानं मला अंगणात नेलं, खांद्याला धरून चांदोबाकडं तोंड करून हुभं केलं. पाणी घातलं, मोदक खाल्ला. तू अजून जेवली न्हाईस? तिकडं ढग हाईत व्हय?"

मी आकाशाकडं बघितलं. एक ढग नव्हता. चंद्रही नव्हता. आईला म्हणाले, "व्हय, ढग हाईत. दादूला दे फोन."

भाऊ फोन घेऊन बाहेर आला, दार ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. मी विचारलं, चंद्र कुठं उगवला रे? तर तो हसायला लागला.

"आक्का, तिला काय कळतंय? सात वाजता म्हणायचं उगवला, पाणी घाल, जेव. गोळ्या वेळेवर जात्यात, मी मोकळा. गल्लीला ठाऊक हाय सगळ्या. बायका आरतीला येत्यात न्हवं, त्याच म्हणत्यात, मामींचा चंद्र लवकर उगवतो."

"आणि झोपायचं?"

"ते पन तसंच, साडेसात-आठला झोपवतो. धा वाजले म्हणून सांगतो. झोपती बिचारी."

आठ वाजता गावच्या फाट्यावरच्या हॉटेलात त्याचा पत्त्यांचा डाव बसतो, हे मला ठाऊक होतं. आई झोपल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. म्हणून आईची रात्र आठला सुरू व्हायची आणि ती बिचारी मध्यरात्री जागी होऊन पहाट कुठं अडकली म्हणून विचार करत पडून राहायची. आणि टोल्यांचं घड्याळ का उतरवलं, हेही मला तिथं गच्चीवर उभ्या उभ्या लख्ख कळलं.

"बरं," मी म्हणाले.

मी "बरं" म्हणते तेव्हा समोरच्यानं सावध व्हावं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. पण तो हसत होता. मी फोन ठेवला. साडेआठला चंद्र उगवला, मी अर्घ्य दिलं, आणि पळीतून पाणी सोडताना एकच गोष्ट डोळ्यांपुढं येत होती. माझी आई अंगणात उभी आहे, डोक्यावर पदर, हात जोडलेले, आणि काळ्या मोकळ्या आकाशाला नमस्कार करते आहे. मागं गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या आहेत. देवाची शपथ, त्या वेळी भाऊ समोर असता तर मी त्याला पळीनं मारलं असतं.

आईला लगेच सांगायचं की नाही, यावर मी फार विचार केला नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं. त्यानं गोड बोलून समजूत काढली असती, आक्का लांबनं काहीबाही बोलते म्हणाला असता, वैनीनं मान डोलावली असती, आणि आईनं ज्याच्या हातचं रोज खायचं त्याचंच ऐकलं असतं. मला समजूत नको होती. मला तो ज्यांच्यापुढं हसला त्यांच्यापुढंच उघडा पडायला हवा होता, आणि तेही माझ्या तोंडून नाही.

आंधळ्या माणसांसाठी बोलणारं घड्याळ मिळतं, हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. तिच्या सासऱ्यांकडं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यावर बंद करून मी गणपती पेठेतल्या एका घड्याळवाल्या चाचांकडं गेले. लहानसं दुकान, तीन पिढ्यांचं. चाचा डोळ्याला भिंग लावून काहीतरी उघडत बसले होते. मी सांगितलं, आईला दिसत नाही, बोलणारं घड्याळ पाहिजे.

"आहेत ना ताई, दोन-तीन प्रकारचे," म्हणत त्यांनी खालचा खण उघडला. आधी एक वेगळंच घड्याळ दाखवलं. त्याची काच उघडते आणि काट्यांवर बोट फिरवून वेळ ओळखायची. "याला आवाज नाही. सभेत, मशिदीत, देवळात, कुणाला त्रास नाही."

"माझ्या आईनं चाळीस वर्षं ऊस बांधलाय," मी म्हणाले. "तिच्या बोटांना काटा टोचलेला कळत नाही, घड्याळाचा काटा कुठं कळणार?" आणि आवाज नसलेलं घड्याळ मला फुकट दिलं असतं तरी नको होतं, हे मी बोलले नाही.

मग बोलणारी आली. एक इंग्रजीत बोलायचं. बाईचा आवाज, नाकात, घाईघाईनं. आईला त्यातलं "पीएम" तेवढं कळलं असतं, आणि तेही तिला माणसाचं नाव वाटलं असतं. दुसरं हिंदीत, मुलीच्या गोड आवाजात, स्टेशनावर गाडी उशिरानं धावत असल्याबद्दल माफी मागतात तसं. आईला हिंदी कळतं, मालिका ऐकून ऐकून. पण हा आवाज मला फारच अजीजीचा वाटला. अशा आवाजानं कुणाला धाक बसत नाही.

"मराठीत नाही का?"

"मनगटावरचं माझ्याकडं नाही. टेबलावरचं मागवून देतो."

टेबलावरचं ठेवलं की ते टेबलावरून उचलताही येतं. टोल्यांच्या घड्याळासारखं तेही दुरुस्तीला गेलं असतं. मला आईच्या अंगावर राहणारंच पाहिजे होतं.

मग चाचांनी तिसरं काढलं. जाडजूड, काळं, पट्टा ओढला की ताणणारा, बक्कल नाही. एकच मोठं बटण, अंगठ्याएवढं. त्यांनी दाबलं आणि दुकानात एक माणूस खणखणीत बोलला, "दोपहर के बारह बजकर चालीस मिनट हुए हैं." शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या पोरीनं मान बाहेर काढून बघितलं. तो पुरुषी आवाज होता, छातीतून काढलेला, शब्द तोडून तोडून बोलणारा. परेडीला उभं केल्यासारखा. माझ्या भावाची निम्मी जिंदगी असल्या आवाजापुढं टाचा जोडून गेली होती.

"हे," मी म्हणाले.

चाचा जरा घुटमळले. "ताई, याचा आवाज कमी होत नाही. दर तासाला आपोआप बोलतो, रात्रीसुद्धा. घरातले लोक परत घेऊन येतात. त्यापेक्षा कानात लावायचा आहे तो घ्या. आईंनाच ऐकू जाईल, बाकीच्यांची झोप..."

"बाकीच्यांची झोपच मोडायचीय मला."

त्यांनी भिंग वर करून माझ्याकडं बघितलं. मग हसले, आणि पुढं काही विचारलं नाही. पण मला एक शंका होती आणि ती मी विचारली. वेळ लावायची कुठून? त्यांनी घड्याळ उलटं केलं. मागं दोन बारीक भोकं, टाचणी घालून दाबायची. म्हणजे टाचणी ज्याच्या हातात, वेळ त्याच्या हातात. मी म्हणाले, वेळ बरोबर लावा आणि ही भोकं बुजवून टाका.

"बुजवली की सेल बदलायला अडचण होईल ताई."

"अडचण मला होऊ दे. मी तुमच्याकडं घेऊन येईन. दुसऱ्या कुणाला हात लावता येता कामा नये."

त्यांनी दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी, माझ्या मोबाइलशी, स्वतःच्या मनगटाशी असं तीनदा ताडून वेळ लावली आणि दोन्ही भोकांत चिकटवायच्या द्रवाचा एकेक थेंब सोडला. मी ते होईपर्यंत उभी राहून बघत होते. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

पुढची संकष्टी येईपर्यंत घड्याळ माझ्या कपाटात होतं. दर तासाला कपाटातून तो जवान बोलायचा. मला त्याचा राग येत नव्हता, उलट धीर यायचा. त्या महिन्यात मी रोज आईला फोन केला, रोज तिची लांबलेली रात्र ऐकली, आणि रोज मनात म्हणाले, थांब, थोडे दिवस थांब.

पौषातल्या संकष्टीला सकाळच्या गाडीनं निघाले. डब्यात कराडपर्यंत गर्दी होती. नऊ वाजता माझ्या पिशवीतून "सुबह के नौ बजे हैं" असा हुकूम आला आणि शेजारचे आजोबा दचकून सरळ बसले. मी कुणाला काही सांगितलं नाही. कोरेगावला उतरून रिक्षानं घरी गेले.

भाऊ अंगणात होता. माझी पिशवी हातातून घेतली, चहा टाकायला सांगितला, लाडात येऊन "आक्का, आज मोदक तूच कर, तुज्या हातचं लय दिवस खाल्लं न्हाईत" म्हणाला. मी मोदक केले. चांगले केले. वाईट मोदक करून सूड उगवणाऱ्यातली मी नाही.

भाऊ डेअरीवर गेला तेव्हा मी आईच्या मनगटावर घड्याळ चढवलं. वर स्वेटरची बाही होतीच. तिला बटण दाखवलं. तिनं दाबलं आणि तो बोलला तशी ती एकदम मागं सरली, मग हसायला लागली, मग पुन्हा दाबलं, पुन्हा हसली. "आगं, ह्यो तर कॅप्टन हाय की!" म्हणाली. दुपारभर तिनं ते किती वेळा दाबलं असेल त्याला सुमार नाही. प्रत्येक वेळी मान हलवायची, जणू तिला कुणीतरी बऱ्याच दिवसांनी भेटायला आलंय. भावानं ऐकलं तेव्हा एक क्षण थांबला, माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "बघ, छान आणलंय का?" तो म्हणाला, "लय भारी." पण संध्याकाळसाठी सावध व्हायला हवं हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आईनं त्याला कधी विचारलंच नव्हतं की आता वाजले किती आणि चंद्रोदय कधी आहे. तिनं त्याचं ऐकलं होतं. त्याला त्याची इतकी सवय झाली होती की घड्याळ म्हणजे म्हातारीचं खेळणं, एवढंच त्याला वाटलं.

चारच्या सुमाराला मी कॅलेंडर काढून आईला सहज म्हणावं तसं वाचून दाखवलं, "आज चंद्रोदय नऊ वाजून पाच मिनिटांनी हाय गं." आई म्हणाली, "आज उशिरा हाय व्हय." माझं काम झालं.

सातच्या आधीच अंधार पडला. वैनी कामावरून आली. गल्लीतल्या बायका आरतीला आल्या, पाच-सहा जणी, सगळ्या मला "आल्या का वो, कवा आला" म्हणत आत बसल्या. आरती झाली. मंत्रपुष्पांजली झाली. टाळ्या-झांजांच्या गजरात जवानानं सात वाजल्याचं सांगितलेलं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. भावानं माझ्याजवळ येऊन कानात सांगितलं, "तू काय बोलू नको, आटपतो मी," आणि मोठ्यानं म्हणाला, "चला आई, उगवला!"

एक बाई म्हणाली, "व्हय व्हय मामी, झक्क उगवलाय." दुसरीनं पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडं बघून ठेवलं.

आई उठली. हातात तांब्याची पळी-भांडं घेतलं. भावानं तिचा खांदा धरला. आणि आईनं चालता चालता, काही मनात न धरता, दिवसभर केलं तसं बटण दाबलं.

"शाम के सात बजकर अठारह मिनट हुए हैं."

भावाचा हात आईच्या खांद्यावर तसाच राहिला. आई थांबली. तिनं पुन्हा दाबलं. जवानानं पुन्हा तेच सांगितलं, त्याच खणखणीत आवाजात, एकही शब्द न गिळता. महिनाभर मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं, आणि ते मला वाटलं होतं त्याहून गोड लागलं. मी एकेकीचं तोंड बघितलं. मघाची झक्क उगवलेली बाई पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. वैनी भिंतीकडं बघत होती. आणि माझा भाऊ, ज्यानं सियाचिनच्या गोष्टी सांगून गावाला थक्क केलं होतं, त्याच्या कपाळावर पौषाच्या थंडीत घाम आला होता.

"हे घड्याळ पुढं-मागं झालं असंल," तो म्हणाला.

"मोबाइल काढ," मी म्हणाले.

त्यानं काढला नाही.

आई परत वळली आणि पाटावर बसली. भांडं मांडीवर घेतलं. "नवाला अजून टाइम हाय," ती म्हणाली. "बसा सगळी. चंद्र उगवल्याबिगर कोन उठायचं न्हाई."

कुणी उठलं नाही. उठायचं तोंडच नव्हतं कुणाला. बायका बसल्या, वैनी बसली. भाऊ उंबऱ्यात बसला. आठ वाजता त्याच्या खिशातला फोन वाजला. पत्त्यावाल्यांचा. त्यानं कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. जवानानं आठ वाजल्याचं सगळ्यांना सांगितलं. मोदक झाकून ठेवले होते, त्यांचा वास घरभर होता, आणि माझ्या भावाला भूक सोसत नाही हे मला आईइतकंच ठाऊक आहे. मी मुद्दाम त्याच्यासमोर बसले.

आईनं विचारलं, "किती चतुर्थ्या?"

"आई, तुजी साखर..." भाऊ म्हणाला. "डॉक्टर म्हणालं व्हतं उपाशी ऱ्हायचं न्हाई. चक्कर येऊन पडली असतीस तर? मी तुज्यासाठीच..."

"मग तसं सांगायचं व्हतं. मी जेवले असते. चतुर्थी मोडली म्हणून जेवले असते. देवाला सांगितलं असतं, बाबा, आता हुईत न्हाई." तिनं मान भावाच्या आवाजाकडं वळवली. "मला चांदोबाकडं तोंड करून हुभं करायचास, तवा तिथं काय व्हतं?"

भावानं खिशातला फोन काढून बंद केला.

"काय व्हतं रं?"

"काय न्हवतं."

"मग मी पानी कुनाला घातलं?"

भावानं मान खाली घातली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक म्हणतात, रडणाऱ्याचा राग जातो. माझा गेला नाही. साखरेचं कारण मी ऐकलं, ते खोटं नाही हेही मला कळतं, पण साखर काही रात्री आठ वाजता दहा वाजवायला सांगत नाही, आणि टोल्यांच्या घड्याळाला काही मधुमेह झाला नव्हता. हे मी सगळ्यांसमोर बोलले. त्या झोपेचं आणि पत्त्यांचंही सगळं सांगितलं. आईनं ते ऐकून नुसतं "आस्सं" म्हटलं. "मंजी माजं डोकं ठीक हाय."

नऊ वाजले. आईनं पाच मिनिटं जाऊ दिली, बटण दाबून खात्री केली आणि उठली. भाऊ हात धरायला पुढं झाला, तिनं हात झटकला नाही, फक्त दिला नाही. भिंतीला हात लावत लावत एकटी अंगणात गेली. घराचं दार पूर्वेला. दाराकडं पाठ करून उभी राहिली, आणि शेजारच्या उसावर वर आलेल्या खऱ्या चंद्राला, कुणी तोंड न वळवता, पाणी घातलं.

बायका निघून गेल्यावर, जेवण झाल्यावर, मी तिच्याजवळ बसले. मला वाटलं आता ती माझा हात धरेल. मी जिंकले होते. तिच्या बाजूनं जिंकले होते.

"तुला कवा कळलं?" तिनं विचारलं.

"गेल्या चतुर्थीला."

"म्हंजी म्हैना झाला."

"घड्याळ शोधत होते, आई. चांगलं बघून आणायचं होतं. नुसतं सांगून त्यानं..."

"फोन व्हता की तुज्याकडं," आई म्हणाली. "रोज करत व्हतीस. मी रोज सांगायचे, रात सरत न्हाई, डोकं फिरलंया म्हणून. तू ऐकायचीस."

मी तिला समजावलं. म्हणाले, तुला सांगितलं असतं तर त्यानं पटवलं असतं, तुला खोटं पाडलं असतं, मला खोटं पाडलं असतं. सगळ्यांसमोर झालं म्हणून आता पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. हे सगळं खरं आहे आणि मी आजही तेच म्हणेन. आई ऐकत होती. तिनं वाद घातला नाही. मी बोलून संपले तेव्हा म्हणाली, "झोप आता, दमलीस."

तेव्हापासून घरात सुधारणा झाली आहे, आणि ती माझ्या घड्याळानं केली आहे. भावाचे पत्ते सुटले. रात्री उशिरा बाहेर पाय टाकायची सोय उरली नाही, कारण तो दारात आला की आतून जवान त्याला वेळ सांगतो आणि मागोमाग आई विचारते, कुठं निघालास. टोल्यांचं घड्याळ पार्ट न मिळता आपोआप दुरुस्त होऊन भिंतीवर आलं. वैनीनं मला फोन केला, वन्सं, ते दर तासाला बोलतं, रात्री झोप लागत नाही, बंद कसं करायचं? मी म्हणाले, मागं दोन भोकं आहेत, त्यातून होतं. ती म्हणाली, ती बुजलीत. मी म्हणाले, अरेरे. गल्लीतल्या बायका अजून आरतीला येतात, पण आता आईच्या आधी कुणी चंद्राचं नाव काढत नाही. हे सगळं ऐकून मला बरं वाटतं. भावाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही, आणि आई आता जी झाली आहे तिचं पापही मी त्याच्याच माथी मारते.

परवा दोन दिवस राहून सांगलीला परत निघाले होते. पिशवी भरली, आईच्या पाया पडले. ती पलंगावर बसून शेंगा फोडत होती. माझ्या हातात मोबाइल होता, समोर भिंतीवर टोल्यांचं घड्याळ होतं. म्हणाले, "आई, साडेतीन झाले, गाडी गाठायचीय, निघते मी."

आईनं शेंगा खाली ठेवल्या, बाही वर सारली आणि बटण दाबलं.

"दोपहर के तीन बजकर इकतीस मिनट हुए हैं."

"व्हय, झालेत," आई म्हणाली. "जा आता."